एकशे वीसपैकी एकवीस

मुरारच्या मिस क्लॅरिसनं खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीतून
पार्स्निपचं बी दिलं. चपटं, पिवळट, कागदी,
श्वास सोडला तरी उडेल असं.
म्हणाली, ह्याला आयुष्य एका वर्षाचं, ठेवून द्याल तर मेलं.
आणि एकदा पेरलं की हलवायचं नाही,
दुसऱ्या जागी नेलेलं ह्याला सोसत नाही.
मी म्हटलं, बरं.
माझे खापरपणजोबा कुणाच्यातरी तोफेमागून
साताऱ्याकडून इथवर चालत आले होते,
ते तिला सांगितलं नाही.

एजी ऑफिसात चौतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले,
तेव्हा पेरलंही मोजूनच: एकशे वीस.
त्याआधी आठ दिवस खणत होते.
लष्करातल्या आमच्या परसात माती कमी, किल्ल्याचा चुरा जास्त.
हातभर खोल जाईतो दोन घमेली खडे,
एका कपाचा कान, एक निळी गोटी
आणि छोट्या लाइनीच्या रुळाचा असावा असा गंजका खिळा.
उरलेली माती गव्हाच्या चाळणीनं चाळली.
दिगंबररावांनी चाळणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि त्या रात्री पोळी मुकाट्यानं खाल्ली.

खुणेसाठी त्याच ओळीत मुळा टाकला होता.
मुळा चौथ्या दिवशी वर. आगाऊ.
पार्स्निप नाही.
दहावा दिवस, नाही.
दिवाळी, नाही.
रोज सकाळी ओलं गोणपाट उचलून, चष्मा पुसून वाकायची,
व्हाउचरवरची खाडाखोड शोधावी तशी.
तेविसाव्या दिवशी भाजीची गाडी फाटकाशी थांबवून
कुशवाहजी म्हणाले, "बहनजी, ये तो घास है."
मीही वहीत लिहिलं: घास.
पुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

पाच दिवसांनी त्या घासाला कातरलेलं पान फुटलं.

एकवीस उगवली.
नव्याण्णवांचा हिशेब लागत नाही.
नोकरीत असते तर आक्षेप घेऊन
पंधरा दिवसांत खुलासा मागवला असता.
खुलासा कुणाकडे मागू?
मुळे मात्र आम्ही पीठ पेरून खाल्ले, पाल्यासकट.

मग पौषातला तो आठवडा. इथं धुकं कुणी म्हणत नाही,
मराठी घरांतसुद्धा कोहराच पडतो.
गाड्या सहा-सहा तास मागे, शाळा बंद,
शेजारच्या मोटारसायकलच्या सीटवर पांढरं पीठ.
पानं सगळी आडवी.
मिस क्लॅरिस तोवर भाचीकडे भोपाळला गेलेली, तिला फोन लावला.
"झोपू दे त्यांना," ती खोकत म्हणाली,
"ह्या थंडीचीच आत साखर होते."

संक्रांतीनंतर पहिलं उपसलं.
सरळ, हस्तिदंती, मनगटाएवढं.
दुसरं निघालं दोन पायांचं, लेंगा घातलेल्या माणसासारखं;
एक खडा कुठेतरी माझ्या चाळणीतून सुटलाच होता.
दिगंबररावांनी त्याला धुऊन खिडकीत उभं केलं,
टोपी म्हणून बाटलीचं बूच ठेवलं,
आणि दुपारभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.
संध्याकाळी दोन्ही तुपावर परतली, वरून मिरी.
गाजर नव्हे, रताळं नव्हे,
गोड, आणि गोडाच्या मागे कुठेतरी जायफळ, कुठेतरी दवाखाना.
दोन पायांचंही तितकंच गोड होतं.
एवढं वहीत नोंदवलं. शेरा लिहिला नाही.

तीन जमिनीतच ठेवली आहेत, बी धरतील म्हणून.
आता फाल्गुन. देठ माझ्या कमरेशी आलेत,
वर बडीशेपेसारख्या हिरव्यापिवळ्या छत्र्या.
त्यांचा चीक लागून ऊन पडलं तर कातडीवर फोड येतात,
म्हणून दिगंबररावांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून
पाणी घालते.
लू सुटायला महिना.
बी पिकायला, माझ्या हिशेबानं, दीड.

गोळ्यांची डबी धुतली आहे,
झाकण उघडून खिडकीत वाळत ठेवली आहे.